साखर न घालता

शरदातले ऊन आमच्या स्वयंपाकघरात एकदम शिरत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीला टेकते आणि तिथे बराच वेळ रेंगाळते, जणू आज कुणाकडे जावे हे त्याचे अजून ठरलेले नसावे. मग ते मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाच्या शेंड्यावर उतरते, एकेका फांदीची विचारपूस करीत खाली येते, आणि पानांपानांतून गाळून झाल्यावर जे काही उरते तेवढेच आमच्या ओट्यावर सांडते. त्या उरलेल्या उन्हात मिठाची बरणी, उलटा ठेवलेला कप, कालचा विसरलेला चमचा अशा वस्तू आपापल्या सावल्या शेजारी घेऊन शांत बसलेल्या असतात. आमच्या इमारतीचे पाणी जड आहे. नळाच्या तोंडाशी क्षाराचा पांढरा थर साचतो आणि तो आईच्या आयुष्यातले एक कायमचे शल्य आहे. पण त्या घटकेला तोही लुकलुकतो आणि थोडा वेळ का होईना, उदात्त दिसतो. मी हे सगळे रोज पाहतो. त्यामुळे मला कचेरीत रोज उशीर होतो, आणि उशिराचे कारण विचारल्यावर मी काहीच सांगू शकत नाही. ‘ऊन पाहत होतो’ हे कारण रजेच्या नियमांत बसत नाही.

त्या सकाळी ऊन नळापर्यंत पोहोचले होते एवढ्यात अंगणात ‘धप्’ असा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा झाला. तिसरा आवाज मात्र सफरचंदाचा नव्हता.

“मौनीबाबा! खाली या जरा!”

घरमालकीणबाई मला मौनीबाबा म्हणतात. मी कमी बोलतो हे खरे. छापखान्यात मी औषधांच्या डब्यांतल्या सूचनापत्रकांची मुद्रिते तपासतो; दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने मूकपणे खुणा करायच्या, हेच माझे संभाषण. खाली गेलो तर बाई झाडाखाली उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायांभोवती पडलेल्या सफरचंदांचा नि त्यांच्यावर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्यांचा एक मोठा मेळावा भरला होता.

“हे काय आहे?” त्यांनी विचारले.

“सफरचंदं,” मी म्हणालो. उत्तर अचूक होते, पण पुरेसे नव्हते.

“दरवर्षी तुझे बाबा टोपल्या भरून उचलायचे. यंदा ते पडलेत अंथरुणावर आणि तू बसतोस खिडकीत. पोस्टमन परवा घसरता घसरता वाचला. हे झाड मी आता तोडून टाकणार. रविवारी सगळ्या भाडेकरूंना अंगणात बोलावते, एकदाच काय ते ठरवून टाकू.”

इथे बाबांच्या अंथरुणाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. श्रावणघेवड्याच्या वेलाइतके सडसडीत असलेले आमचे बाबा मोसमाच्या आरंभीच अंगणात पाय घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ते सफरचंदावरून घसरले हे तिघांनी पाहिले होते. बाबांचे म्हणणे असे की, ते ओल्या पानावरून घसरले. त्यांच्या सफरचंदांनी त्यांना पाडले असते, तर खुब्यापेक्षा मोठे काहीतरी मोडले असते. तेव्हापासून ते खिडकीलगतच्या पलंगावर पडून झाडाकडे पाहत असतात. हे झाड त्यांनी स्वतः लावले. त्याच्या आधी त्यांनी काही लावले नाही, नंतरही नाही. कुणाच्या हाताच्या आधाराने दोन पावले टाकून खुर्चीत बसता आले, तरी ते पहिली नजर झाडावर टाकतात, आणि मग आमच्यावर.

म्हणून मी आयुष्यात प्रथमच सलग तीन वाक्ये बोललो. “तोडू नका. मी ही सगळी वापरून टाकतो. पेय करीन, काहीतरी गोड करीन, आणि रविवारी सगळ्यांना देईन.”

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. बहुधा मला आवाज आहे याचाच त्यांना धक्का बसला असावा. “आणि कुणाला नाही आवडलं तर?”

“तर तोडा,” मी म्हणालो, आणि जिना चढलो.

आमच्या घराचा एक धर्म आहे, आणि त्याचे एकच वचन आहे: आपल्या झाडाची सफरचंदे गोड आहेत. रोपवाटिकेतल्या माणसाने बाबांना तशी खात्री दिली होती. मग कित्येक वर्षे फळ धरले नाही, आणि धरले तेव्हा बाबांनी पहिले सफरचंद आम्हा सर्वांसमोर चावले, बराच वेळ चावत राहिले, नि म्हणाले, “साखर आहे, साखर!” तेव्हापासून आमच्याकडे दर शरदात सफरचंदे खाल्ली जातात, आणि ती खाताना आम्ही सगळे खिडकीबाहेर पाहतो.

कृती मला एका जुन्या मासिकात सापडली होती. ती इतकी सोपी होती की वाचूनच झाल्यासारखी वाटली. सफरचंदे धुवावीत, चिरावीत, पाण्यात मंद आचेवर शिजवावीत, दालचिनीचा तुकडा टाकावा, गाळावे, चवीप्रमाणे साखर घालावी. उरलेल्या गराची खीरवजा मिठाई, आणि अखंड फळे पोखरून, आत मनुका भरून भट्टीत भाजावीत. मी ती बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. साखरेपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

“ते खोड.”

“बाबा, चवीप्रमाणे म्हटलंय फक्त.”

“ज्यांच्या घरी बाजारची येतात त्यांच्यासाठी आहे ते. आपल्या सफरचंदांना साखर? लोक काय म्हणतील?”

मी खिशातली लाल शाईची लेखणी काढली आणि ‘साखर’ या शब्दावर वगळण्याची खूण केली. इतकी सुबक खूण मी कुठल्याही औषधाच्या पत्रकावर केलेली नाही. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, साखरेच्या डब्याकडे पाहिले, आणि ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

पहिला हंडा उकळू लागला तेव्हा घर दालचिनीच्या वासाने भरले आणि मला वाटले, सुख याहून वेगळे नसावे. वाफेमागे झाड अस्पष्ट दिसत होते. मी उगाच हळुवार झालो. रस गाळून घेतल्यावर हंडा आतून असा लखलखीत निघाला की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो चक्क आनंदी होता. आई म्हणाली, “वीस वर्षांत हा हंडा असा निघाला नव्हता.” तिच्या स्वरात कौतुक होते असे मी तेव्हा धरून चाललो.

नमुना घेऊन मी प्रथम तळमजल्यावरच्या चष्मेवाल्या काकांकडे गेलो. काका भिंगे घासून देतात. त्यांच्या खोलीत नेहमी एक यंत्र गुरगुरत असते. त्यांनी एक घोट घेतला. त्यांचा डावा डोळा मिटला. मग तो उघडला आणि उजवा मिटला. गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावताना ते जसे करायला सांगतात, तसेच त्यांनी स्वतः केले.

“कसं आहे, काका?”

“हं,” काका म्हणाले. बराच वेळ ते योग्य भिंग शोधत असावेत. “विचार चांगला आहे तुझा. भांडं कुठलं घेतलंस?”

“ॲल्युमिनियमचं.”

“तेच!” काकांना एकदम हायसे वाटले. “भांडं बदल. बाकी उत्तम. बाटली ठेवून जा.”

भांडे बदलले. स्टीलचे मोठे पातेले शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडून आणले, आणि उपकाराची फेड म्हणून पहिला पेला त्यांना दिला. काकू तोंडात टाचण्या धरून बोलतात. रस पिण्यासाठी त्यांनी त्या काढून ठेवल्या आणि घोट घेतल्यावर चेहरा असा केला की टाचण्या काढल्याच नसाव्यात असे मला वाटले.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून त्यांनी स्वतःला सावरले. “छान आहे हो! फक्त जरा… गाळ राहतोय बघ. तुझं गाळणं जाड आहे. थांब, अस्तराचं कापड देते, मलमलीसारखं बारीक आहे.”

कापड बारीक होते यात शंका नाही. ते जांभळे होते, आणि रंग कच्चा होता. दुसऱ्या खेपेला जे बाहेर आले ते मी आमच्या छापखान्यातल्या शाईच्या पिंपाखेरीज अन्यत्र पाहिलेले नाही. मी ते रात्रीच्या आत मोरीत ओतले, तर मोरीही स्वच्छ झाली. पण त्या खुणेचा अर्थ लावण्याइतकी माझी प्रतिभा तेव्हा जागी नव्हती. मी गाळणे बदलले, दालचिनी वाढवली, आच कमी केली. जो भेटेल तो घोट घेई, क्षणभर दूर कुठेतरी पाही, आणि मला अतिशय मोलाचा सल्ला देऊन एक बाटली ठेवून घेई; मालकीणबाईंनीही घेतली. कुणी म्हणे पाणी उकळून गार केलेले घे, कुणी म्हणे सफरचंदे सालीसकट शिजव, कुणी म्हणे साल मुळीच नको. साखरेचे नाव एकाही सभ्य माणसाने काढले नाही, कारण बाबा वरच्या खिडकीत होते आणि बाबांचा धर्म साऱ्या इमारतीला ठाऊक होता. मी सज्जनांच्या वस्तीत राहतो. सज्जनांच्या वस्तीत माणसाला सत्य कळायला फार वेळ लागतो.

मग भाजलेल्या सफरचंदांचे प्रकरण झाले. पोखरलेली फळे मनुका भरून मी आमच्या जुन्या विजेच्या भट्टीत रांगेने मांडली. ती इतकी गोजिरी दिसत होती की भट्टीचे दार लावताना मला निरोप घेतल्यासारखे झाले. थोड्याच वेळात दिवे गेले. फक्त आमचे नव्हे, इमारतीचे. खालून चष्मेवाल्या काकांचा आवाज आला. त्यांचे यंत्र एका गिऱ्हाइकाचे भिंग अर्धे घासून थांबले होते आणि गिऱ्हाईक समोर बसले होते. काकूंचे शिवणयंत्र एका नवऱ्या मुलाच्या बाहीत अडकले. मी काळोखात जिन्यावर उभा राहून प्रत्येक दाराशी क्षमा मागत वर आलो, तेव्हा बाबा अंधारातून म्हणाले, “वास मात्र सुरेख येतोय.” त्या एका वाक्यावर मी पुढचे सगळे सहन केले.

पुढचे म्हणजे नगरपालिका. मालकीणबाईंनी अट घातली: “इतक्या लोकांना प्यायला देणार, उद्या कुणाचं पोट बिघडलं तर नाव माझ्या इमारतीचं. आरोग्य खात्याचं पत्र आण.” मी कचेरीतून अर्धी रजा घेतली आणि बाटली व एक भाजलेले सफरचंद घेऊन खात्याच्या खिडकीपुढे उभा राहिलो. खिडकीतल्या कारकुनाच्या कानावर एक पेन्सिल होती आणि हातात दुसरी. तिसरी ते शोधत होते.

“पेय की खाद्य?”

“दोन्ही.”

“दोन्ही नसतं. पेयाची खिडकी ही. खाद्याची ती, आणि ती आज बंद आहे.”

“मग फक्त पेयाचं द्या.”

“हे काय आहे मग?” त्यांनी डब्यातल्या भाजलेल्या सफरचंदाकडे पेन्सिल रोखली. ते प्रवासात खचले होते आणि स्वतःच्याच रसात अर्धे बुडाले होते. “हे चमच्यानं खायचं की पेल्यानं प्यायचं?”

मी त्या सफरचंदाकडे पाहिले. आयुष्यात मलाही अनेकदा असेच वाटले आहे, की मी नक्की कुठल्या खिडकीचा, हे कुणीतरी ठरवून टाकावे. “प्यायचं,” मी म्हणालो.

“नमुना पाहावा लागेल.” कारकुनांनी आपल्या चहाच्या कपात थोडा रस ओतून घेतला. घोट घेतल्यावर कानावरची पेन्सिल आपोआप खाली पडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि मी इतका भाबडा की मला ते दाद वाटले.

“प्रकार काय लिहू?” त्यांनी खोल आवाजात विचारले. “आमच्याकडे तीनच आहेत. शीतपेय, उष्णपेय आणि औषधी.”

“तुम्हाला काय वाटतं?”

त्यांनी ‘औषधी’ लिहिले, शिक्का मारला आणि कपाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहिले. चहाचे जुने डाग नाहीसे झाले होते. “ही बाटली इथेच राहू द्या,” ते म्हणाले. “नमुना म्हणून.”

मी परत आलो तर घरी शुभवार्ता माझी वाट पाहत होती. मालकीणबाईंनी आपली बाटली रिकामी करून पाठवली होती. निरोप होता, आणखी दे. त्याच संध्याकाळी काकूंची बाटली आली. काकांनी तर स्वतः वर येऊन विचारले, “उरलंय का रे थोडं?” मी बाबांच्या पलंगाशी जाऊन तीन रिकाम्या बाटल्या ओळीने मांडल्या. बाबांनी त्यांच्याकडे एखाद्या निकालपत्राकडे पाहावे तसे पाहिले आणि उशीवर डोके टेकून म्हणाले, “सांगितलं नव्हतं मी?” त्या रात्री मला झोप अशी लागलीच नाही. मी पडल्या पडल्या झाडाची सळसळ ऐकत होतो आणि मनातल्या मनात रविवारचे भाषण जुळवत होतो. त्यात ‘मधुर’ हा शब्द चार वेळा आला होता. मुद्रितशोधकाच्या सवयीने मी दोन काढून टाकले.

रविवारी ऊन टाकीवर न रेंगाळता थेट अंगणात उतरले. मी टेबलावर स्वच्छ कापड अंथरले, पेले मांडले, गराच्या वाट्या मांडल्या. सगळे भाडेकरू जमले. वरच्या खिडकीत बाबा उशांना टेकून बसले होते. त्यांना सगळे दिसत होते, ऐकू मात्र काही जात नसावे. मी घसा साफ केला. पण मालकीणबाईंनी मला बोलूच दिले नाही.

“हे बघा, मी झाड तोडायला निघाले होते, हे सगळ्यांना माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण आता माझं मत बदललंय. माझ्या न्हाणीघरातले नळ या आणि बघा. मी हे घर बांधल्यापासून असे नळ पाहिले नाहीत.”

मला वाटले, मी काहीतरी चुकीचे ऐकतो आहे.

“नळ?” काकू उत्साहाने पुढे आल्या. “अहो, माझी वाफेची इस्त्री! भोकं बुजून गेली होती क्षारानं. हा रस घालून रात्रभर ठेवली. सकाळी नवीन झाली!”

काका आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, “माझ्या यंत्राची पाण्याची नळी मी यातच भिजवतो. तुला सांगणारच होतो, पण तू इतक्या प्रेमानं विचारायचास…”

पुढे जे झाले ते उत्साहाचे होते, आणि मी त्याच्या मध्यभागी पेल्यांचा ट्रे घेऊन उभा होतो. कुणी किटलीबद्दल सांगत होते, कुणी फरशीबद्दल. पेले सगळ्यांनी उचलले, पण प्यायले कुणीच नाही. ते जपून, आपापल्या घराकडे न्यायच्या बेताने धरले होते. झाड ठेवायचे, असे एकमताने ठरले. फळे आळीपाळीने सगळ्यांनी उचलायची, हेही ठरले. माझे भाषण खिशातच राहिले. मालकीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्या प्रथमच माझ्याशी प्रेमाने बोलल्या.

“हुशार आहेस हो मौनीबाबा. फक्त आत्ता करतोस तसंच कर दरवेळी. साखरबिखर घालू नकोस. नळ चिकट होतात.”

मी जिना चढलो. त्या जिन्याला इतक्या पायऱ्या पूर्वी नव्हत्या. बाबा दाराकडे डोळे लावून बसले होते.

“राहिलं?”

“राहिलं, बाबा. एकमतानं.”

त्यांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. मग म्हणाले, “गोड लागलं ना सगळ्यांना?”

मी औषधांची पत्रके तपासतो. त्यांत चक्कर, मळमळ, क्वचित मृत्यू असे सगळे मी निर्विकारपणे वाचतो. पण हा प्रश्न आल्यावर मी खिडकीबाहेर पाहू लागलो, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे.

“मलाही दे की,” बाबा म्हणाले. “यंदा चवच घेतली नाही.”

मी पेला त्यांच्या हाती दिला. ते ओठांशी नेणार एवढ्यात आई आली. तिने साखरेचा डबा पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि त्यात चमचा खोचला. इतक्या वर्षांत तो डबा त्या खोलीत उघडपणे कधी आला नव्हता.

“दरवर्षी मीच घालते तुमच्या वाटीत,” ती म्हणाली. “यंदा यानं केलं, म्हणून राहिलं.”

मला वाटले, आता खुब्याहून मोठे ते काहीतरी मोडणार. पण बाबा शांतच होते.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “सफरचंदं आली की डबा कसा भराभर रिकामा होतो, ते मला दिसत नाही होय?”

“मग इतकी वर्षं कशाला म्हणत होता?” मी विचारले.

बाबांनी झाडाकडे पाहिले. “पहिल्या फळाच्या वेळी तू एवढासा होतास. मी चावलं, आणि माझ्या मनात आलं, फसवलं त्या रोपवाल्यानं. तोंडातून निघून गेलं साखर म्हणून, तुझ्या आईनं हसू नये म्हणून. पण मग तू आपलं सफरचंद हातात घेतलंस, डोळे मिटून सगळं खाल्लंस, बियांसकट, आणि म्हणालास, आणखी द्या. मी म्हटलं, पोराला गोड लागतंय ना? मग गोडच.”

मला ते सफरचंद आठवत होते. मी डोळे मिटून खाल्ले होते, कारण उघडले असते तर त्यांतून पाणी आले असते. आणि आणखी मागितले होते, कारण बाबा माझ्याकडे पाहत होते.

बाबांनी पेल्यात एक चमचा साखर घातली, ढवळली, घोट घेतला; मग दुसरा चमचा घातला, आणि डबा माझ्याकडे सरकवला. खिडकीच्या चौकटीत ऊन येऊन थांबले होते. मी टोपलीतले एक सफरचंद उचलले, पुसले आणि चावले. या खेपेला मी बाहेर पाहिले नाही, डोळेही मिटले नाहीत.

आमच्या झाडाची सफरचंदे आंबट आहेत.